कुत्र्याची भाकरी आणि माझी बिस्किटं

परवा सकाळी स्वयंपाकघरात लाल भोपळा किसत बसले होते. शेजारीण विरजण मागायला आली आणि दारातच थबकली.

“बाई, आज घारगे काय?”

“घारगे नाहीत गं. राजाची बिस्किटं.”

“राजाची? म्हंजे कुत्र्याची?” ती पदर तोंडाला लावून हसली. जाता जाता म्हणाली, “नशीब काढलंय बघा त्यानं. आमच्या पोरास्नी बी कोण एवढं निगुतीनं करत न्हाई.”

बोलली ती गमतीनंच, पण मला ते लागलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमची हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घराघरांतून पैंजण, जोडवी, घुंगरं घडतात. ही शेजारीण दिवसभर मान मोडून पैंजणांना घुंगरं जोडत बसते. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला. भाव चढला म्हणून मजुरी चढते असं नसतं; उलट गिऱ्हाईक बिचकलं की हातातलं काम थांबतं. अशा बाईच्या डोळ्यांदेखत मी कुत्र्यासाठी भट्टी लावून बसले होते. तिचं बोलणं अगदीच अनाठायी होतं असं मला म्हणता येईना.

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर लगेच सुचलं नाही, की मी “उद्या सांगते” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांगायची. आजचं लिखाण म्हणजे तसंच एक “उद्या”चं उत्तर आहे.

आधी जुनी गोष्ट. माझ्या माहेरी आई चुलीवर भाकरी करायची. शेवटी परातीत उरलेल्या पिठाची एक लहान, जाडसर भाकरी थापायची. ती कुत्र्याची. तिला ना मीठ, ना तूप. निखारे विझेपर्यंत ती तव्यावरच पडून राहायची आणि चांगली कडक व्हायची. खाणारं कुत्रं गल्लीचं, कुणा एकाचं नव्हे. आमच्या घरात काही सुबत्ता नव्हती. ७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला होता. त्याची भाकरी आठवली तरी अजून घशात टोचते. तेव्हा कुत्र्याची भाकरी लहान झाली, अगदी पुरीएवढी झाली. पण बंद झाली नाही. “त्याचा वाटा हाय तो,” एवढंच आई म्हणायची. दया, पुण्य असले शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत.

ही रीत एकट्या माझ्या आईची नव्हती. पितृपंधरवड्यात पंचबली काढतात, त्यात गाय, कावळा, मुंगी यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास असतो. कुत्र्यानं पोळी पळवली म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट तर मी दर वर्षी वर्गात सांगायची आणि मुलं दर वर्षी तेवढीच हसायची. आमच्याकडची माणसं पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. घरोघरी दत्ताची तसबीर असते आणि तिच्यात देवाच्या पायाशी चार कुत्री असतात. चार वेद म्हणतात त्यांना. आता याच आपल्या भाषेत “कुत्र्याचं जिणं” आणि “कुत्र्याच्या मौतीनं मरणं” हेही आहे, ते मी विसरलेले नाही. पण वाटा मात्र ठरलेला होता, हे खरं.

गंमत म्हणजे बाजारात मिळणारं कुत्र्याचं बिस्किटही असंच कडक भाकरीच्या जातीचं आहे. सांगतात ते असं. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन माणूस १८६० च्या सुमारास विजा अडवणाऱ्या सळ्या विकायला लंडनला गेला. तिथं बंदरावरची कुत्री खलाशांची टाकून दिलेली टणक बिस्किटं खाताना त्याला दिसली. सळ्या राहिल्या बाजूला, त्यानं गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली आणि श्रीमंतांना विकली. बघा, गरिबाच्या घरी जे उरल्यासुरल्या पिठाचं होत होतं, ते तिथं पाकिटात घालून विकायला लागले.

तेव्हा शेजारणीला माझं पहिलं उत्तर हे, की कुत्र्यासाठी वेगळं काही भाजणं हा आजकालचा चोचला नाही. तव्याच्या जागी भट्टी आली, एवढंच.

पण इथंच थांबले तर ती अर्धवट बढाई होईल. कारण आईच्या भाकरीत आणि मी केलेल्या पहिल्या बिस्किटांत एक मोठा फरक होता. तो कबूल केल्याशिवाय पुढं लिहिण्यात अर्थ नाही.

२०२४ च्या दिवाळीत सूनबाईनं ओटीजी घेतला. मला लहानपणची नानकटाई आठवली. तेव्हा रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर घरी मळून आम्ही बेकरीत घेऊन जायचो. तिथल्या पत्र्यावर आपापली नानकटाई लावायची, भाजून आली की गरम गरम डब्यात भरून घरी. आता भट्टीच घरात आली म्हटल्यावर हौसेला काय तोटा! सगळ्यांचं झालं, मग म्हटलं राजाला का नको? हे गेल्यानंतरच्या पावसाळ्यात हे पिल्लू आमच्या जिन्याखाली येऊन बसलं, ते तिथंच राहिलं. गावठीच आहे. गळ्यातल्या पट्ट्याला दोन घुंगरं आहेत, तीही याच शेजारणीनं दिलेली. घरभर तो फिरतो तेव्हा कुणीतरी आहे असं वाटतं.

तर त्याच्यासाठी कणीक, तूप, गूळ घेतला. आणि नात्यातल्यांनी तासगावहून पाठवलेले बेदाणे होते, तेही मूठभर घातले. बेदाणे म्हणजे पौष्टिक, आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात. बिस्किटं काय सुंदर फुलली! फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पुण्याहून नातीचा फोन.

“आजी, बिस्किटांत ते हिरवट काय आहे?”

“बेदाणे. तासगावचे.”

“राजानं खाल्ली?”

“चार-पाच खाल्ली की. आवडली त्याला.”

“आजी, आत्ताच्या आत्ता त्याला डॉक्टरकडे ने. उद्या नाही, आत्ता.”

खरं सांगू, मला आधी रागच आला. राजा समोर शेपूट हलवत उभा होता. पण पोरगी रडवेली झाली होती. रिक्षा करून आम्ही निघालो. डॉक्टरांनी त्याला ओकारी काढायचं इंजेक्शन दिलं. जे बाहेर पडलं त्यात बेदाणे टम्म फुगलेले दिसत होते. मग दोन दिवस सलाईन, मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी. देवाच्या दयेनं सगळं ठीक निघालं. “बाई, रात्रभर वाट बघितली असती तर मला हे असं सांगता आलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनीच मग समजावून सांगितलं. द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांना काहीच होत नाही, तर काहींची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात. कुणाला किती चालेल याचं माप नाही. म्हणून एकही द्यायचा नाही.

पुढं नातीनं वाचून दाखवलं ते असं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे यामागचं कारण असावं, असं अमेरिकेतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी २०२१ साली मांडलं. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे आपल्या आमटीतली चिंचसुद्धा कुत्र्याला नको. वरण-भात कालवून कुत्र्याला घालणाऱ्या आपल्या घरांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. मोती आठवत होता. हे होते तेव्हाची, नव्वदीतली गोष्ट. आमच्याकडे सत्यनारायण झाला. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे होते, शिवाय ताटात द्राक्षांचे घड. उरलेलं सगळं मोतीला घातलं. दुसऱ्या दिवशी तो ओकला, मग खाणं सोडलं, मग लघवी बंद झाली. चौथ्या दिवशी गेला. आम्ही म्हटलं, कुणीतरी विष घातलं. नुसतं म्हटलं नाही, एका माणसावर संशय घेतला. मोतीच्या भुंकण्यावरून त्याची आमची एकदा बाचाबाची झाली होती, तेवढं निमित्त पुरलं. वर्षभर आम्ही त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या घरचं लग्न होतं, त्याला गेलो नाही. तो माणूसही आता नाही.

मोती कशानं गेला हे आज खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. द्राक्षांचा हा दोष तर जनावरांच्या डॉक्टरांच्याही नीट लक्षात आला तो २००१ च्या आगेमागे. तेव्हा आम्हाला कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. आम्ही मोतीवर प्रेम करत नव्हतो का? करत होतो. प्रसाद त्याला प्रेमानंच घातला होता. ते प्रेम आपल्या जिभेचं होतं, त्याच्या पोटाचं नव्हतं. आपल्याला जे गोड लागतं ते त्याला दिलं की लाड झाला, अशी आपली समजूत. आईच्या बिनमिठाच्या भाकरीत ही समजूत नव्हती. ती भाकरी त्याच्यासाठीच थापलेली असायची.

म्हणून माझं मत असं आहे. कुत्र्यासाठी घरी जरूर भाजावं. पण त्यात आपली हौस मिसळू नये. आणि हौस मिसळायची नसेल, तर काय घालायचं याआधी काय घालायचं नाही हे पाठ करावं. शिक्षिकेची खोड म्हणा, पण सांगतेच.

द्राक्षं, बेदाणे, मनुका, चिंच नको. कांदा-लसूण नको, कच्चा नको, शिजवलेला नको, त्याची पूडही नको. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडं रविवारी मटण असतं आणि उरलेला रस्सा-हाडकं कुत्र्याला जातात. त्या रश्शात कांदा-लसूण किती असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आणि शिजलेलं हाड चावताना फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. चॉकलेट आणि कोको नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर थोडासाही नको. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं एकदम खाली येते. मीठ नको, खाण्याचा सोडा नको, जायफळ नको. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ नको, ते पोटात जाऊन फुगतं. शेंगदाणे चालतात, पण ताजे, बिनमिठाचे. बुरशी धरलेल्या दाण्यातलं विष कुत्र्याच्या यकृताला फार वाईट.

एवढं वगळून उरतं काय? भरपूर उरतं. माझी आताची कृती अगदी साधी आहे. एक वाटी शाळूचं पीठ, एक वाटी कणीक, पाऊण वाटी शिजवून घोटलेला लाल भोपळा आणि दोन चमचे भाजलेल्या दाण्याचं वाटण. नुसत्या शाळूच्या पिठाला चिकटपणा नसतो, लाटताना फाटतं, म्हणून कणीक. भोपळ्यातच पाणी असतं, म्हणून वरून पाणी बेतानं घ्यायचं. घट्ट मळून अर्ध्या बोटाएवढं जाड लाटायचं, सुरीनं चौकोन पाडायचे. ओटीजी १६० अंशांवर ठेवून साधारण अर्धा तास भाजायचं. मग भट्टी बंद करून आतच गार होऊ द्यायचं, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो. ओटीजी नसेल तर तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावं. आई करायची तेच. आपण यात टिकण्यासाठी काही घालत नाही, म्हणून आठवड्यापुरतंच करावं. पावसाळ्यात तर चार दिवसांतच वास घेऊन बघावा. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी जरा मऊच ठेवावं, दात गेलेले असतात बिचाऱ्याचे.

आणि किती द्यायचं? इथं आपला हात सैल सुटतो. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खाऊ असू नये, असं डॉक्टर सांगतात. राजा पंधरा किलोचा. त्याला दिवसाला साधारण आठशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या ऐंशी. माझी दोन बिस्किटं झाली की हिशोब संपला. चहाबरोबर आपण त्याला जी ग्लुकोजची गोड बिस्किटं टाकतो, त्यातल्या एकेकाच्याही वीस-पंचवीस कॅलरी होतात. अर्धा पुडा दिला तर तो लाड कसला? राजा दोन बिस्किटांनंतरही माझ्याकडे असा बघतो की वर्गातला सगळ्यात गरीब मुलगा वाटावा. पण मी आता फसत नाही. दोनाचे चार तुकडे करून चार वेळा देते. त्याला मोजता येत नाही, हे माझ्या पथ्यावर पडतं.

हल्ली शहरांतून कुत्र्यांचे वाढदिवस होतात. तीन मजली केक, त्यावर क्रीम, रंग, मेणबत्ती. फोटो बघितले की मला ते बेदाणे आठवतात. तिथं कुत्रं फक्त फोटोपुरतं असतं. त्याला त्या दिवशी काय हवं असेल? गल्लीतून एक लांब चक्कर आणि शेजारी बसणारं माणूस. त्याला तारीख कळत नाही, वास कळतो. मी कुणाला हसत नाही, मीही त्याच रस्त्यानं गेलेली आहे. पण फोटोत चांगलं दिसेल असं काही कुत्र्यासाठी करावंसं वाटलं की जरा थांबावं, एवढं सांगते.

राहिला प्रश्न गल्लीतल्या कुत्र्यांचा. आई भाकरी टाकायची ती दारात. आज गावं वाढली, कुत्री वाढली, चावण्याच्या बातम्या रोज येतात. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर कुठंही खायला घालू नये, स्थानिक संस्थांनी त्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. पुढं ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड अशा ठिकाणांहून कुत्री हलवायलाही सांगितलं. यावर पुष्कळ वाद झाला. मी कुत्र्यांच्या बाजूची आहे, पण शाळेच्या फाटकात कुत्र्यांना खाऊ टाकणाऱ्यांच्या बाजूची नाही. तिथं मधल्या सुट्टीत डबे घेऊन पळणारी पोरं असतात. कुत्र्याला माणसाच्या हातातल्या डब्याची सवय आपण लावायची आणि चावलं की त्यालाच काठी मारायची, हा त्याच्यावरही अन्याय आहे. ज्याला आपण खायला घालतो त्याचं रेबीजचं इंजेक्शन आणि नसबंदी झाली आहे का, हे बघणं त्या भाकरीचाच भाग धरावा. आईच्या काळी हे नव्हतं. आपल्याला माहीत आहे, म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त.

आता शेजारणीचं दुसरं उत्तर. माणसांच्या पोरांना मिळत नाही आणि कुत्र्याला बिस्किटं? या प्रश्नावर वाद घालून उपयोग नाही, हे मला कळलं. राजाच्या बिस्किटांत माणसानं खाऊ नये असं काहीच नाही, फक्त ती अळणी असतात. म्हणून त्या दिवसापासून भोपळा दुप्पट शिजवते. मळण्याआधी पिठाचे दोन भाग करते. राजाचं पीठ आधी मळते. मगच दुसऱ्या भागात आपला कोल्हापुरी गूळ, वेलदोडा आणि चमचाभर तूप घालते. डबे वेगळे, त्यावर चिठ्ठ्या लावलेल्या. गुळाचा डबा शेजारी जातो.

काल तिचा धाकटा डबा परत द्यायला आला. म्हणाला, “बाई, राजाचं बिस्किट बी एक खाऊन बघू?” मी दिलं. त्यानं तोंड वाकडं केलं आणि उरलेलं राजाला टाकलं. मी लगेच मोजलं, राजाचं आजचं दीड झालं.

असो. मोतीच्या बाबतीत ज्याच्यावर संशय घेतला, त्याच्या मुलाला या दिवाळीत घरी जाऊन सगळं सांगून आले. तो म्हणाला, “जाऊ दे बाई, बाबा कधीच विसरले होते.” ते विसरले होते की नाही कुणास ठाऊक, पण सांगून मला बरं वाटलं.

तुमच्याकडे कुत्र्यासाठी वेगळी भाकरी करायची रीत होती का? ती कशाची करायचे, तेवढं जरूर लिहून कळवा.